तळ्याचा हौद करू नका

प्रति,
मा. अध्यक्षा, उपाध्यक्ष, सर्व सदस्य आणि पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) साहेब, ग्रामपंचायत, जि. बेळगाव,
देवस्की पंच कमिटी, युवक मंडळ, महिला मंडळ,
आणि तळ्याच्या वर-खाली शेत असलेली सगळी मंडळी

स. न. वि. वि.

गावच्या तळ्याच्या सुशोभीकरणाचा आराखडा पंचायतीत लागला आहे. मी तो उभ्यानं पूर्ण वाचला. सगळ्या तळ्याचा गाळ काढून सगळीकडं सारखी खोली करायची. चारी बाजूंनी दगडी पिचिंग, म्हणजे काठाला दगडांचं अस्तर, त्यावर पेव्हर्सचा वॉकिंग ट्रॅक. हायमास्ट दिवे, मधोमध कारंजं, बोटिंगसाठी जेट्टी, एक सेल्फी पॉइंट. आणि शेवटच्या ओळीत ‘पक्षी निरीक्षण मनोरा’. या शेवटच्या ओळीमुळं हे पत्र लिहायला बसले. आधीच्या सगळ्या ओळी अमलात आल्यावर त्या मनोऱ्यावर चढून बघायचं काय, हा माझा प्रश्न आहे.

तळं सुधारावं याला माझा विरोध नाही, हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं कुणी वाचणार नाही. गावचं सांडपाणी त्यात जातं, जलपर्णीनं अर्धं पाणी झाकलंय, बांधाला दोन ठिकाणी भगदाडं आहेत. काम हवंच आहे. पण मागच्या ग्रामसभेत काय झालं ते आठवा. मनोऱ्याच्या फलकावर मराठी वर की कन्नड वर यावर सगळी सभा गेली, आणि तळ्याच्या खोलीवर एक वाक्य कुणी बोललं नाही. फलकाबद्दल माझं मत काय आहे ते गावाला माहीत आहे, ते बदललेलं नाही. पण फलक उद्या काढून दुसरा लावता येतो. जेसीबीनं खरवडलेला काठ पुन्हा लावता येत नाही.

आपलं तळं पाटबंधाऱ्याचं तळं आहे. ओढ्याला बांध घालून पाणी अडवलेलं. अशा तळ्याला दोन टोकं असतात. बांधाजवळ पाणी खोल, आणि जिकडून ओढा येतो त्या वरच्या बाजूला ते पातळ होत होत शेवटी शेतात मिसळतं. आमचं शेत त्याच बाजूला आहे म्हणून मला हे रोज दिसतं. गणपतीपर्यंत पाणी बांधाला टेकतं. दिवाळीनंतर मोरीचं दार उघडलं की हरभऱ्याला, मसुराला, वाटाण्याला पाणी जातं आणि वरच्या बाजूचा काठ मागं हटायला लागतो. संक्रांतीपासून पाडव्यापर्यंत रोज थोडा थोडा नवा चिखल उघडा पडतो. आराखड्यात या जागेला ‘अनुपयुक्त दलदलीचा भाग’ म्हटलंय. पक्षी नेमके तिथं उतरतात.

हे समजायला पक्षितज्ज्ञ व्हायला नको, पाय बघितले तरी पुरे. चिखल्या ओल्या मातीवर पळतो, त्याला पाणी नकोच. तुतारी बोटभर पाण्यात चोच घालते. शेकाट्याचे गुलाबी पाय लांब, तो वीतभर पाण्यात चालतो. चमच्या गुडघाभर पाण्यात चोच डावी-उजवीकडं फिरवत जातो. हळदीकुंकू बदक शेपूट वर करून मान बुडवेल तेवढीच त्याची खोली. खोल पाण्यात बुडी मारून पोट भरणारे म्हणजे पाणकावळे, टिबुकल्या, काही बदकं, असे थोडेच. तळं सगळीकडं दोन पुरुष खोल केलं, तर पाणकावळे राहतील आणि बाकीचे वरून बघून पुढं जातील. पाणी भरपूर असलं की पक्षी भरपूर, हा समज सगळ्या आराखड्यांच्या मुळाशी आहे आणि तो चुकीचा आहे. पक्ष्याला पाय टेकायला आणि चोच पोचायला जागा लागते.

फेब्रुवारीत कधी सकाळी वरच्या बाजूला या. म्हशी पाण्यावर येऊन गेल्या की चिखलात खुरांचे खळगे राहतात आणि त्यात पाणी साचतं. प्रत्येक खळग्यात किडे, अळ्या वळवळत असतात. तुताऱ्या एका खळग्यातून दुसऱ्यात अशा ओळीनं जातात, एकही सोडत नाहीत. उत्तरेकडं हजारो किलोमीटर परत जायच्या आधी अंगावर चरबी चढवायचा हा त्यांचा मोसम असतो. म्हशींच्या चरण्यानं काठावरचं गवतही बेताचं राहतं, नाहीतर पाणकणीस माजून चिखल झाकला जातो. म्हणजे म्हशी आणि पक्षी यांचं तिथं बरं चाललंय. आराखड्यात म्हशींना ‘प्रवेश निषिद्ध’ आहे. निषिद्ध नसता तरी त्या पिचिंगवरून पाण्यात उतरणार कशा, हे आराखडा काढणाऱ्यानं सांगावं. आणि ज्या बाया तिथं कपडे धुतात, त्यांनी?

पावसाळ्यातली गोष्ट वेगळी. तेव्हा त्याच बाजूला कमळाची पानं पसरतात आणि लांब शेपटीचा कमळपक्षी येतो. त्याचा संसार उलटा. मादी तरंगत्या पानांवर चार अंडी घालते आणि दुसऱ्या नराकडं जाते, अंडी पहिला नर एकटा उबवतो. अंडी तपकिरी, पितळी चकाकीची. पाणी चढलं किंवा धोका वाटला तर हा बाप अंडं चोच आणि गळ्याच्या मध्ये धरून दुसऱ्या पानावर सरकवतो. मी हे वर्गातल्या मुलांना सांगायची तेव्हा मुली फार हसायच्या. कमळाची मुळं पातळ पाण्याच्या मातीत असतात. खोल खणलं की कमळ गेलं, कमळ गेलं की तो गेला.

आता कुणी म्हणेल, बाई, उथळ ठेवायचं म्हणजे काहीच करायचं नाही, याला विकास म्हणत नाहीत. म्हणून जिथं यावर खरोखर मोठा पैसा घातला गेला ती जागा सांगते. इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात समुद्रकाठी वॉलसी नावाचं बेट आहे. काही शतकांपूर्वी लोकांनी तिथं समुद्राला बांध घालून खाजण, म्हणजे भरतीच्या खाऱ्या पाण्याची जमीन, शेतीला घेतली. बांधाबाहेर भरतीचा गाळ साचत राहिला, आतली जमीन मात्र खालीच राहिली. आरएसपीबी या तिथल्या पक्षी संस्थेनं ती जागा पुन्हा खाजण करायची ठरवलं तेव्हा अडचण हीच आली, की नुसता बांध फोडला तर आत खोल पाणी होणार आणि खोल पाण्यात पाणथळीचे पक्षी येणार नाहीत. त्याच सुमारास लंडनखाली क्रॉसरेल या रेल्वेचे बोगदे खणले जात होते. त्यातली ३० लाख टनांहून जास्त माती बोटींनी या बेटावर आणली. ती टाकून जमीन वर उचलली, उतार दिले, ओहोळ काढले, मधे बेटं केली. मग २०१५ मध्ये बांध फोडून भरती आत घेतली. आज तिथं उचाट्या पक्षी घरटी करतात, भरती-ओहोटीच्या चिखलावर हिवाळ्यात थवे उतरतात.

त्यांनी उथळ काठ मिळवण्यासाठी लाखो टन माती आणून टाकली, आणि आपल्याला तो पावसानं आणि ओढ्यानं फुकट दिलेला आहे. आपण तो खणून टाकायला बिल मंजूर करतोय.

इंग्लंड लांब वाटत असेल तर नाशिककडं बघा. निफाड तालुक्यातलं नांदूर मधमेश्वर, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), २०२० मध्ये जाहीर झालं. ते काय आहे? गोदावरीवर इंग्रजांच्या काळात बांधलेला बंधारा. त्याच्या फुगवट्यात वर्षानुवर्षं गाळ साचला, पाणी उथळ झालं, बेटं तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि पक्षी आले. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात तो गाळ तोटाच आहे, हे मी नाकारत नाही. पण नाव झालं ते त्या गाळानं. आपल्याच जिल्ह्यात गोकाक तालुक्यातलं घटप्रभा पक्षी अभयारण्य बघा. धूपदाळच्या बंधाऱ्याच्या फुगवट्यावर उभं, १९७४ पासूनचं. हिवाळ्यात तिथं पांढरे करकोचे आणि कांड्या क्रौंच उतरतात. आपल्यातले किती जण तिथं गेलेत? गोकाकचा धबधबा बघून, कर्दंट मिठाई घेऊन आपण परत येतो.

समुद्राचं उदाहरण बेळगावात कशाला, असंही कुणी विचारेल. आपल्या जिल्ह्याचं पाणी दोन्हीकडं जातं. मलप्रभा पूर्वेला कृष्णेकडं जाते, आणि खानापूर तालुक्यातल्या भीमगडच्या जंगलातून निघालेली म्हादई गोव्यात मांडवी होऊन समुद्राला मिळते. समुद्राला मिळायच्या आधी ती चोडण बेटाला वळसा घालते, तिथं कांदळवनात डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. ओहोटी लागली की कांदळाच्या मुळांखालचा चिखल उघडा पडतो आणि पक्षी त्यावर उतरतात. दिवसातून दोनदा. गोव्यातल्या जुन्या लोकांनी खाजण शेतीत बांध घातले, त्याला दारं बसवली, भात काढलं आणि मासेही पकडले. आपल्या तळ्याला ओहोटी वर्षातून एकदाच लागते, दिवाळीपासून पाडव्यापर्यंत, आणि ती मोरीच्या दारानं लागते. तळ्याचं पाणी वर्षभर एकाच पातळीला ठेवायचं असं आराखड्यात बोटिंगसाठी लिहिलंय. म्हणजे ओहोटीच बंद. आणि मग हरभऱ्याला पाणी कुठलं, हा दुसरा प्रश्न. तळ्याखालच्या शेतकऱ्यांनी तो अजून विचारलेला नाही, बहुधा आराखडा वाचलेलाच नाही.

कायद्याचं थोडक्यात. पाणथळ जागांसाठी केंद्राचे २०१७ चे नियम आहेत, पण सिंचनासाठी मुद्दाम बांधलेली तळी त्या व्याख्येतून वगळली आहेत. त्यामुळं वरून कुणी येऊन हे काम थांबवेल अशी आशा मला नाही आणि तुम्हाला भीतीही नको. जे ठरायचं ते गावातच ठरणार. पण एक गंमत बघा. ३१ जानेवारी २०२४ ला कर्नाटकातली तीन ठिकाणं रामसर यादीत आली. एक उत्तर कन्नड (कारवार) जिल्ह्यातली अघनाशिनीची खाडी, जिथं हजारो कुटुंबं शिंपल्या, खेकडे, मासे यांवर जगतात. उरलेली दोन, गदग जिल्ह्यातलं मागडी केरे आणि विजयनगर जिल्ह्यातलं अंकसमुद्र, ही दोन्ही माणसानं सिंचनासाठी बांधलेली तळी आहेत, अगदी आपल्यासारखी. मागडीचं तळं जेमतेम ५० हेक्टरचं. हिवाळ्यात तिथं हिमालय ओलांडून पट्टकदंब हंस येतात, दरवर्षी सरासरी ८,००० असा सरकारी आकडा आहे. मागडीला ते कशासाठी येतात? दिवसा विसावायला पसरट पाणी आणि चरायला आजूबाजूची शेतं.

हंस आपल्याकडं येतीलच असं मी म्हणत नाही. आले तर हरभऱ्याचं नुकसान करतील, आणि ते ज्याच्या शेतात उतरतील त्यानं एकट्यानं का सोसायचं, हा रास्त प्रश्न आहे. मंड्या जिल्ह्यातल्या कोक्करे बेळ्ळूरमध्ये करकोचे आणि झोळीवाले पक्षी लोकांच्या दारातल्या चिंचेवर घरटी करतात, चिंच खराब होते, म्हणून झाडाच्या मालकांना वन खात्याकडून भरपाई देण्याची पद्धत पडली. ते गाव २००७ मध्ये सामुदायिक राखीव क्षेत्र झालं. गावकऱ्यांना कुणी हलवलं नाही. मागडी आणि अंकसमुद्र ही ‘संवर्धन राखीव क्षेत्रं’ आहेत. त्याच्या व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी कायद्यानंच असतो. अभयारण्य म्हटलं की आपल्याकडं भीमगड अभयारण्यातली गावं हलवण्याच्या चर्चेची आठवण निघते आणि लोक बिथरतात, ते मला समजतं. पण हा प्रकार वेगळा आहे. घाईनं अर्ज करा असं म्हणत नाही. आधी तळं तर राहू दे.

मला काय हवंय ते सांगते. गाळ काढा, पण बांधाकडचा. तिथं पाणी आधीच खोल आहे, तिथं आणखी खोल झालं तर माशांना आणि उन्हाळ्यात गुरांना फायदाच आहे. तो गाळ शेतात न्या. वरच्या बाजूला, म्हणजे ओढ्याच्या तोंडापासून जुन्या वडापर्यंत, जेसीबी नेऊ नका. काढलेल्या गाळातला थोडा वापरून मधे दोन उंचवटे करा आणि त्यावर बाभळी लावा. अंकसमुद्रात पक्षी पाण्यातल्या बाभळींवरच घरटी करतात. कुत्री, मांजरं तिथं पोचत नाहीत. पिचिंग फक्त बांधाच्या आतल्या अंगाला करा, कारण लाटांनी खरंच तिथली माती जाते. बाकी तिन्ही बाजूंना काठ मातीचाच आणि उताराचाच राहू दे. चालायचा ट्रॅक हवा असेल तर बांधावरून जाऊ दे. सकाळी चालणाऱ्यांत मीही आहे, मला सगळ्या तळ्याला प्रदक्षिणा घालायची नाही. लक्ष्मीच्या देवळापर्यंत जाऊन परत फिरलं तरी होतं.

हायमास्ट नको म्हणजे नको. पाण्यावर रात्रभर उजेड पडला की पक्षी रात्रीचे थांबत नाहीत. बांधावर पायापुरते कमी उंचीचे दिवे पुरेत, तेही जेवणवेळेनंतर बंद. कारंज्याबद्दल बोलत नाही. ते लागेल तेव्हा लागेल, सहा महिन्यांत पंप जळेल, आणि त्याच्या दुरुस्तीचं टेंडर निघेल. इतर गावांची कारंजी आपण बघतोच आहोत.

जलपर्णीबद्दल मात्र जरा थांबते. ती दक्षिण अमेरिकेतली वनस्पती आहे आणि सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर पोसली जाते. आपण ती दोनदा काढली आणि दोन्हीदा परत आली, कारण गटार तसंच चालू आहे. गल्ल्यांचं पाणी तळ्यात पडायच्या आधी एका खड्ड्यात थांबवलं, गाळ खाली बसू दिला, मग पाणकणीस लावलेल्या चरातून सावकाश सोडलं, तर तळ्याच्या पोटात कमी घाण जाते. हे फार मोठं तंत्र नाही. आराखड्यात त्याला एक ओळही नाही, कारण गटाराच्या तोंडावर फीत कापून फोटो काढता येत नाही. ही एक गोष्ट केली आणि बाकी काहीच केलं नाही तरी तळं निम्मं सुधारेल असं माझं मत आहे.

मासेमारीचा ठेका बंद करा असं म्हणणारे काही पक्षिप्रेमी शहरातून येतात. त्यांच्याशी मी सहमत नाही. तळ्यावर ज्यांचं पोट आहे त्यांना बाजूला काढून तळं राखलं जात नाही. ठेक्यात दोनच अटी घाला. पाणी पूर्ण उपसायचं नाही, आणि बंदी असलेला आफ्रिकन मांगूर सोडायचा नाही. तो मांगूर बाकीचे मासे, बेडूक, हाती लागेल ते खातो.

युवक मंडळातल्या पोरांनो, तुम्हाला पर्यटन हवंय, रोजगार हवाय. मी तुम्हाला हॉटेलं उभी राहतील असं सांगणार नाही. पक्षी बघायला येणारी माणसं पहाटे येतात, गप्प बसतात, दहाला जातात. त्यांना चहा, भाकरी-पिठलं, स्वच्छ संडास आणि ‘शेकाट्या आज कुठल्या बाजूला आहे’ हे सांगणारा गावातला माणूस लागतो. तो माणूस तुमच्यातला होऊ शकतो. मनोऱ्याऐवजी बांधावर बांबूचा, गवताच्या आडोशाचा एक ओटा करा. मनोऱ्यावर उभं माणूस पक्ष्याला लांबून दिसतं आणि तो उडतो. दर रविवारी मराठी आणि कन्नड दोन्ही शाळांच्या मुलांना मोजणीला बसवा. नावं दोन्ही भाषांत एकाच वहीत लिहू दे. निदान त्या वहीवरून तरी भांडण होणार नाही, अशी आशा करते.

काम पाडव्यानंतर सुरू होणार असं कानावर आहे. वर्क ऑर्डर निघायच्या आधी एकाच विषयाची विशेष ग्रामसभा घ्या, आणि ती कचेरीत नको, सकाळी आठ वाजता तळ्याच्या वरच्या काठावर घ्या. इंजिनिअर साहेबांनाही बोलवा. येताना चपला जुन्या घाला, चिखल आहे.

आपली,
तळ्याच्या वरच्या बाजूची एक शेतकरी आणि गावच्या मराठी शाळेची निवृत्त शिक्षिका

ता. क. : कुठलाही आराखडा मंजूर होवो, मोरीच्या दाराचं चाक आधी दुरुस्त करून घ्या. ते गंजून अडकलंय आणि गेल्या हंगामात दोघांनी पहार लावून फिरवावं लागलं होतं. पावसाळ्यात ते अडकून बसलं तर बांधाला आधीच असलेली दोन भगदाडं किती वेळ धरतील याचा भरवसा मला नाही.